कॉलेज फुटबॉलची भरती : आठ जणांच्या संघातला मुलगा पाहायला कोण जाते?

लिंकनकर

२ जानेवारी १९८४ रोजी मायामीत झालेला ऑरेंज बाउलचा सामना मी पाहिलेला नाही, कारण तेव्हा मी साताऱ्यात तिसरीच्या वर्गात होतो आणि हाताने खेळायच्या खेळाला फुटबॉल म्हणतात हे कोणी सांगितले असते तरी मला पटले नसते. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात बावीस वर्षे काढल्यानंतर मात्र तो सामना मी क्षणाक्षणाने सांगू शकतो, कारण इथला प्रत्येक शेजारी तो कधी ना कधी, बहुधा कुंपणापलीकडे गवत कापता कापता, सांगतोच. महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलसाठी मुले कुठून आणावीत, लहान गावांतून की दाट वस्तीच्या महानगरांतून, या जुन्या वादावर धागा काढायचा म्हटल्यावर मला त्याच सामन्यापासून सुरुवात करावीशी वाटते.

नेब्रास्का विद्यापीठाचा संघ त्या मोसमात एकही सामना हरलेला नव्हता आणि मायामी विद्यापीठाचा संघ स्वतःच्या घरच्या मैदानावर खेळत होता. सामन्याच्या पहिल्या पाव भागात मायामीने १७-० अशी आघाडी घेतली. तेव्हा नेब्रास्काने एक वात्रट डाव टाकला. क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने, चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवला, सगळा संघ एका बाजूला धावत सुटला आणि पुढच्या रांगेत उभे राहून प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या, एरवी चेंडूला हातही न लावणाऱ्या एका धिप्पाड लाइनमनने तो उचलून उलट दिशेने १९ यार्ड पळत जाऊन गुण मिळवले. त्या लाइनमनचे नाव डीन स्टाइनकूलर. तो नेब्रास्कातल्या बर नावाच्या, शंभर माणसेही नसलेल्या गावचा, आणि हायस्कुलात तो आठ जणांच्या फुटबॉल संघातून खेळला होता. त्याच मोसमात त्याला आउटलंड व लोम्बार्डी हे लाइनमनसाठीचे दोन मोठे पुरस्कार मिळाले.

सामन्याच्या अखेरीस ४८ सेकंद उरले असताना ३१-३० अशी स्थिती झाली. एक गुणाची सोपी किक मारून बरोबरी साधली असती, तर अजिंक्यपद बहुधा नेब्रास्काकडेच आले असते. पण प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला आणि तो फसला. पलीकडच्या बाजूला हॉवर्ड श्नेलेनबर्गर होते. १९७९ मध्ये मायामीत आल्यावर त्यांनी दक्षिण फ्लोरिडाच्या दाट वस्तीभोवती मनातल्या मनात कुंपण घातले, त्याला ‘मायामीचे राज्य’ म्हटले आणि या राज्यातली चांगली मुले बाहेर जाऊ द्यायची नाहीत असे ठरवून पाच मोसमांत अजिंक्यपद मिळवले.

म्हणजे एकीकडे मक्याच्या शेतातला लाइनमन आणि दुसरीकडे शहराच्या भोवती घातलेले कुंपण, असे हे चित्र दिसते. माझे म्हणणे मात्र थोडे वेगळे आहे. गुणवत्ता गावात जास्त की शहरात, हा प्रश्नच मला फसवा वाटतो. शहरातला मुलगा तयार स्थितीत दिसतो आणि गावातला मुलगा तयार होईपर्यंत थांबावे लागते. भरतीचा सगळा व्यवहार या थांबण्याच्या खर्चाभोवती फिरतो, आणि गेल्या काही वर्षांत नियमांनी तो खर्च कोणालाच परवडू नये अशी व्यवस्था केली आहे. यावर इतरांची मते वाचायला आवडतील.

शंकासुर

धागा वाचनीय आहे, पण माझ्यासारख्या पुण्यात बसून अर्धवट समजणाऱ्या वाचकासाठी दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. आठ जणांचा फुटबॉल म्हणजे नेमके काय? आणि नेब्रास्काच्या संदर्भात ‘वॉक-ऑन’ हा शब्द सारखा कानावर पडतो, तो मुलगा स्वतःच्या खर्चाने खेळतो, असे मी समजतो ते बरोबर आहे का? तसे असेल तर कोणता शहाणा बाप हे पैसे भरतो?

लिंकनकर

शंकासुर, आधी आठ जणांचे सांगतो. नेहमीच्या फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. ज्या शाळेच्या वरच्या चार वर्गांत मिळून पन्नास-साठ मुलगे आहेत, तिथे ११ जणांचा संघ आणि राखीव खेळाडू जमवणे अशक्य असते. म्हणून १९३४ साली स्टीफन एप्लर या शिक्षकाने नेब्रास्कातल्याच चेस्टर गावी सहा जणांचा फुटबॉल शोधून काढला. तो पुढे टेक्सासच्या ओसाड पश्चिम भागात रुजला, आणि आमच्याकडच्या सपाट प्रदेशात आठ जणांचा प्रकार जास्त चालतो. मैदान ५३ ऐवजी ४० यार्ड रुंद असते, गुणसंख्या बास्केटबॉलसारखी चढते आणि टॅकल ही लाइनमनची जागा संघात सहसा नसतेच.

काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी शुक्रवारी संध्याकाळी असा एक सामना पाहायला गेलो होतो. मैदानाच्या कडेने पिकअप ट्रक तोंड आत करून उभे होते आणि निम्मे गाव गाडीतूनच सामना पाहत होते; गुण झाला की टाळ्यांऐवजी भोंगे वाजत. जेवणाला इथल्या रिवाजाप्रमाणे चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल होता, ज्याची सवय व्हायला मला दहा वर्षे लागली. मध्यंतरात शाळेचा बँड मैदानात आला, तेव्हा त्यातला ट्रॉम्बोन वाजवणारा मुलगा खांद्याचे पॅड आणि घामेजलेली जर्सी तशीच अंगावर ठेवून उभा होता, कारण संघातला मुख्य लाइनमन आणि बँडमधला एकमेव ट्रॉम्बोनवाला हा एकच होता. तोच हिवाळ्यात कुस्ती आणि वसंतात गोळाफेक करतो, असे सहकाऱ्याने सांगितले. त्याच्यासमोरचा प्रतिस्पर्धी जेमतेम ७० किलोचा होता आणि याने त्याला प्रत्येक वेळी पालथे पाडले. आता तुम्ही मोठ्या विद्यापीठाचे प्रशिक्षक आहात असे समजा. या चित्रफितीवरून तुम्हाला काय कळणार?

वॉक-ऑनबद्दल तुमचा समज बरोबर आहे. शिष्यवृत्ती नसते, पण संघात जागा, सराव आणि व्यायामशाळा मिळते. पैसे भरणारा बाप शहाणाच असतो, कारण स्वतःच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचे शुल्क बाहेरच्या विद्यार्थ्यापेक्षा बरेच कमी असते, आणि मुलाने कर्तृत्व दाखवले तर पुढे शिष्यवृत्ती मिळू शकते. वॉक-ऑन प्रामुख्याने त्याच राज्यातले का असतात, याचे कारणही भावनेपेक्षा या शुल्कात अधिक आहे.

आकडेमोड

लिंकनकरांनी रंगवलेले चित्र सुंदर आहे, म्हणूनच त्याला थोडे टाचणी लावणे भाग आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार नेब्रास्काची लोकसंख्या सुमारे १९.६ लाख आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण दोनतृतीयांश क्षेत्रफळावर नागपूर शहरापेक्षाही कमी माणसे. टेक्सासची लोकसंख्या २.९१ कोटी आहे. त्यातल्या ह्यूस्टनच्या एकट्या हॅरिस काउंटीत ४७ लाख लोक राहतात. लिंकनहून राज्याच्या पश्चिम टोकाच्या स्कॉट्सब्लफला जाऊन एक मुलगा पाहायचा तर एका बाजूने साडेसहाशे किलोमीटर गाडी हाकावी लागते, आणि ह्यूस्टनमध्ये तेवढ्याच वेळात पाच-सहा शाळा पाहून होतात. प्रशिक्षकाला शाळांना भेटी देण्यासाठी नियमाने मोजके आठवडे मिळतात. अशा वेळी तो कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

शिवाय १९८३ च्या ज्या नेब्रास्का संघाचे गुणगान आपण करतो, त्याचा क्वार्टरबॅक टर्नर गिल टेक्सासच्या फोर्ट वर्थ शहरातला होता, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइजमन पुरस्कार मिळवणारा, चेंडू घेऊन धावणारा माइक रोझियर न्यू जर्सीच्या कॅम्डेनचा आणि झेल घेणारा अर्व्हिंग फ्रायरही न्यू जर्सीचाच. वजन घरचे होते, पण वेग बाहेरून आणलेला होता. गावाची बाजू मांडताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. जाँ कोते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या जन्मस्थानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांतून आलेले खेळाडू लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्त आणि अतिविशाल शहरांतले कमी, असे त्यांना हॉकी, बास्केटबॉल, बेसबॉल वगैरे खेळांत आढळले. लोक हा निष्कर्ष ‘खेडे जिंकले’ असा वाचतात, आणि तिथेच घसरतात. पाच लाखांच्या आत डॅलसची सगळी उपनगरेही येतात. दोन लाखांचे उपनगर आणि शंभर माणसांचे बर हे एकाच पारड्यात टाकून काढलेल्या सरासरीचा भरतीसाठी काही उपयोग नाही.

फ्रिस्कोवासी

त्या डॅलसच्या उपनगरांतल्याच एकात आम्ही राहतो, म्हणून लिहिते. आकडेमोड यांचा मुद्दा मी आणखी पुढे नेईन. दाट वस्ती आणि दाट संधी या एकच गोष्टी नाहीत.

आमच्या शेजारच्या ॲलन शहराची वस्ती लाखभर आहे आणि तिथे एकच सरकारी हायस्कूल आहे, ज्यात पाच हजारांच्या आसपास मुले शिकतात. त्या शाळेच्या १८,००० आसनांच्या स्टेडियमवर सुमारे सहा कोटी डॉलर खर्च झाले आणि ते २०१२ मध्ये खुले झाले. कायलर मरी तिथे क्वार्टरबॅक असताना ४२ सामन्यांत एकदाही हरला नाही. त्याच काळात त्याच शाळेत, त्याच जागेसाठी धडपडणारी इतर मुले किती होती, आणि त्यांना शुक्रवारच्या दिव्यांखाली किती मिनिटे मिळाली असतील, याचा विचार करा. याउलट फ्रिस्कोच्या शाळा मंडळाने हायस्कुले लहान ठेवण्याचे धोरण धरले आणि दोन लाख वस्तीत बारा हायस्कुले काढली. म्हणजे बारा क्वार्टरबॅक आणि बारा संघ. राज्य अजिंक्यपदाच्या दृष्टीने हे धोरण मारक आहे अशी कुरकुर पालकसभांत नेहमी ऐकू येते, पण मुलाला खेळायला मिळते. गावातल्या शाळेचा जो गुण लिंकनकर सांगत आहेत, तो उपनगराला ठरवून तयार करता येतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आमचा अनुभव सांगते. आमचा मुलगा किकर होता. (मराठी घरातला मुलगा या खेळात गेला की तो बहुधा किकर होतो, आणि आजी फोनवर “लाथा मारायला एवढी फी कशाला?” असे विचारते.) दहावीत असल्यापासून निरनिराळ्या विद्यापीठांची उन्हाळी शिबिराची ‘खास निमंत्रणे’ घरी येऊ लागली. पहिल्या दोन वेळा आम्ही हुरळून विमानाने गेलो, पैसे भरले आणि तिथे दीडशे मुले रांगेत उभी असलेली पाहिली. निमंत्रण सगळ्यांनाच होते. दाट वस्तीचा फायदा मुलांना होतो की त्यांच्या आईवडिलांकडून शुल्क घेणाऱ्यांना, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. पुढे एका विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्तीशिवाय पण संघात नक्की जागा देण्याचे तोंडी कबूल केले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात, संघांवर १०५ खेळाडूंची मर्यादा आल्याचे कारण सांगून, दोन ओळींच्या ईमेलने ते मागे घेतले.

आणि सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या टेक्सासमध्येही मुले निसटतात. वेस्ट कोलंबिया हे ह्यूस्टनपासून तासाभराच्या अंतरावरचे छोटे गाव आहे. तिथला कॅम वॉर्ड क्वार्टरबॅक होता, पण त्याच्या शाळेचा संघ चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्याच्या पद्धतीने खेळायचा. फेकीची चित्रफीतच नसल्यामुळे त्याला सॅन अँटोनियोच्या इन्कार्नेट वर्ड या लहान विद्यापीठाशिवाय कोणी शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तिथून तो वॉशिंग्टन स्टेटला आणि मग मायामीला गेला, आणि २०२५ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगसाठी झालेल्या खेळाडूंच्या निवडीत देशात पहिला क्रमांक त्याचा होता. ह्यूस्टनला ये-जा करणारे शेकडो प्रशिक्षक त्याच्या गावाजवळून गेले असतील.

पाणथळ

फ्लोरिडातून लिहीत आहे. ‘मायामीचे राज्य’ म्हणून ज्या तीन काउंट्या श्नेलेनबर्गर यांनी धरल्या, त्यांतली एक पाम बीच आहे. समुद्राकडे तिच्यात अब्जाधीशांचे वाडे आहेत. तिथून पश्चिमेला तासभर गाडी चालवली की वाडे संपतात, ऊस सुरू होतो आणि ओकीचोबी तलावाच्या काठी बेल ग्लेड आणि पहोकी ही दोन गरीब गावे लागतात. बेल ग्लेडची वस्ती सतरा हजारांच्या घरात, पहोकीची त्याच्या एकतृतीयांश. जमीन काळीभोर, कुजलेल्या पाणवनस्पतींची, तिला इथे ‘मक’ म्हणतात, आणि ‘तिची माती हेच तिचे भाग्य’ अशा अर्थाचे बेल ग्लेडचे बोधवाक्य आहे.

या दोन गावांच्या शाळांनी एनएफएलला किती खेळाडू दिले याची यादी लांबलचक आहे. अँक्वान बोल्डिन आणि रिकी जॅक्सन पहोकीचे, फ्रेड टेलर आणि सँटोनियो होम्स बेल ग्लेडचे. दोन्ही शाळांमधल्या वार्षिक सामन्याला ‘मक बाउल’ म्हणतात आणि त्याला कॉलेजचे प्रशिक्षक आवर्जून हजेरी लावतात.

तोडणीआधी इथे उभ्या उसाचे पान जाळतात. आग लागली की आतले ससे बाहेर पळतात आणि गावातली मुले ते हाताने पकडतात. पूर्वी ते विकून चार पैसेही मिळत. मी कोल्हापूरकडचा असल्यामुळे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्याकडे उसातून बिबट्याची पिल्ले निघतात ते आठवले, आणि ससे बरे असे वाटले. हे ससे पकडूनच मुले चपळ होतात, असे दूरचित्रवाणीवर दर वर्षी सांगतात. तो भाग मला नेहमी खटकतो. ससा हे दृश्य म्हणून उत्तम आहे, पण खरे कारण असे आहे की या गावांत बाहेर पडण्याचा दुसरा रस्ताच फारसा नाही. वडील, काका, मोठा भाऊ सगळे त्याच शाळेकडून खेळलेले असतात आणि सहा वर्षांच्या मुलापासून सगळे गाव त्याच मैदानावर असते.

माझा मुद्दा असा की हे गाव लहान आहे, पण ते प्रशिक्षकांच्या नकाशावर आहे. एकदा एका गावातून दोन-तीन मोठे खेळाडू निघाले की पुढच्या पिढीला कोणी शोधावे लागत नाही. स्टाइनकूलरच्या बर गावाला असा नकाशा मिळाला नाही. लहान आणि मोठे या भेदापेक्षा पाहिलेले आणि न पाहिलेले हा भेद मला अधिक खरा वाटतो.

लिंकनकर

पाणथळ यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. त्याला एक पुस्ती जोडतो. कोणाच्या नकाशावर, हेही विचारले पाहिजे. क्वार्टरबॅक जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉचा. गाव आठ हजारांचे, घरची कापूस-खरबुजांची शेती, आणि राज्य मात्र देशात सर्वांत जास्त वस्तीचे. जवळच्या फ्रेस्नो स्टेटचे सामने पाहत तो वाढला आणि त्या विद्यापीठानेही त्याला घेतले नाही. शाळेतून निघताना हाती एकही प्रस्ताव नव्हता म्हणून तो रीडली या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, तिथून देशभरच्या प्रशिक्षकांना त्याने ईमेल पाठवले आणि अखेर वायोमिंगने त्याला घेतले. २०१८ मध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला. माझा अंदाज असा की फायरबॉ नेब्रास्कात असते, तर त्याला निदान वॉक-ऑनचे पत्र आले असते. लहान राज्यातल्या विद्यापीठाला आपल्या गावांशिवाय गत्यंतर नसते. मोठ्या राज्यातले लहान गाव सगळ्यांत वाईट जागी असते, कारण तिथल्या प्रशिक्षकाला शेजारी लॉस एंजेलिस दिसत असते.

अर्थात नेब्रास्काचीही पाटी कोरी नाही. नॉर्थ प्लॅटचा डॅनी वुडहेड बुटका म्हणून इथे त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो राज्यातल्याच चॅड्रन स्टेटला गेला, दुसऱ्या श्रेणीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून २००६ आणि २००७ असा दोनदा हार्लन हिल पुरस्कार घेतला आणि पुढे बरीच वर्षे एनएफएलमध्ये खेळला.

आता थांबण्याच्या खर्चाबद्दल. ऑस्बर्न यांच्या काळात संघात दीडशेच्या आसपास मुले असत. सरावाच्या वेळी मैदानाचे भाग पाडून एकाच वेळी अनेक गट खेळवले जात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फळीतल्या मुलालाही उभे राहून पाहण्याऐवजी प्रत्यक्ष खेळायला मिळे. बॉइड एप्ली यांना १९६९ मध्येच व्यायाम प्रशिक्षक म्हणून नेमलेले होते. तेव्हा इतर ठिकाणी वजने उचलल्याने खेळाडू आखडतो असे समजत. आठ जणांच्या फुटबॉलमधून आलेल्या मुलाला टॅकलची जागा म्हणजे काय इथपासून शिकवायचे, दोन-तीन वर्षे नुसते खाऊ घालायचे आणि वजने उचलायला लावायची, चौथ्या वर्षी मैदानात उतरवायचे, हा तो कारखाना होता. त्यावर १९९४, १९९५ आणि १९९७ ची अजिंक्यपदे मिळाली. शिष्यवृत्त्यांची मर्यादा १९७३ मध्ये १०५, १९७८ मध्ये ९५ आणि १९९२ पासून टप्प्याटप्प्याने ८५ अशी खाली येत गेली. मर्यादा घटली तसे फुकट मिळणाऱ्या वॉक-ऑनचे महत्त्व उलट वाढले, हे लक्षात घ्या.

बॅरी अल्वारेझ हे नेब्रास्काचे जुने खेळाडू १९९० मध्ये विस्कॉन्सिनला प्रशिक्षक झाले आणि हीच पद्धत तिकडे घेऊन गेले. पीवॉकीचा जे. जे. वॉट दुसरीकडची शिष्यवृत्ती सोडून तिथे वॉक-ऑन म्हणूनच आला होता. कॅन्सस स्टेटला बिल स्नायडर यांनी रायली गावच्या जॉर्डी नेल्सनला असेच घडवले. तो बचाव फळीत आला आणि झेल घेणारा म्हणून एनएफएलमध्ये गेला. आयडाहोतल्या रिगिन्स या चारेकशे वस्तीच्या गावात आठ जणांच्या संघातून खेळलेला लेटन व्हँडर एश बॉइझी स्टेटला वॉक-ऑन झाला आणि २०१८ मध्ये डॅलस काउबॉइजने त्याला पहिल्या फेरीत घेतले. या यादीत एक सूत्र आहे. यांतला प्रत्येक जण अठराव्या वर्षी जो होता तो बाविसाव्या वर्षी राहिला नाही, आणि मधली चार वर्षे त्याला कोणीतरी सांभाळले.

आकडेमोड

सूत्र मान्य, पण ही यादी यशस्वी झालेल्यांची आहे. चार वर्षे सराव करून एकदाही मैदानात न उतरलेल्या शेकडो वॉक-ऑनांची यादी कोणी करत नाही. आणि प्रशिक्षकांनी पद्धत बदलून पाहिली नाही असेही नाही. स्कॉट फ्रॉस्ट हे वुड रिव्हर या गावचे, १९९७ च्या अजिंक्य संघाचे क्वार्टरबॅक. ते २०१८ मध्ये नेब्रास्काचे प्रशिक्षक झाले, वॉक-ऑनांची परंपरा पुन्हा जोमाने सुरू करायची अशी त्यांची घोषणा होती आणि त्यांची कारकीर्द १६ विजय व ३१ पराभवांवर संपली. २०११ मध्ये नेब्रास्का बिग ट्वेल्व्ह हा विद्यापीठांचा गट सोडून बिग टेन या गटात गेल्यावर टेक्सासमधले सामने बंद झाले आणि तिथल्या मुलांशी असलेला संबंध क्षीण झाला, हे कारण मला गावाकडच्या मुलांच्या कमतरतेपेक्षा जास्त वजनदार वाटते. घरचे वजन कायम होते, बाहेरचा वेग आटला.

लिंकनकर

फ्रॉस्ट यांच्याबद्दल बोलायला लागलो तर शेजारी माझ्याशी बोलणे बंद करतील, म्हणून तो विषय सोडतो. बाहेरचा वेग आटला हे खरेच आहे.

शंकासुर

मग आता परिस्थिती काय आहे? फ्रिस्कोवासी ताईंनी १०५ च्या मर्यादेचा उल्लेख केला आहे. वॉक-ऑन ही गोष्टच संपली का? आणि गावातला मुलगा आता दिसत नाही असे म्हणावे, तर सगळे सामने इंटरनेटवर असतात ना?

लिंकनकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात आमच्या गावाचा मोठेपणा आहे. हडल नावाची जी सेवा आज अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कुलांचे संघ चित्रफितींसाठी वापरतात, ती २००६ मध्ये इथे लिंकनमध्येच सुरू झाली आणि नेब्रास्काचा संघ तिच्या पहिल्या ग्राहकांपैकी होता. पूर्वी शाळेचा प्रशिक्षक डीव्हीडी पाकिटात घालून टपालाने पाठवत असे. आता मुलगा स्वतःच पाच मिनिटांची फीत तयार करून दुवा पाठवतो. म्हणजे दिसण्याचा प्रश्न बराचसा सुटला आहे. न सुटलेला प्रश्न तोच, ७० किलोच्या मुलाला पालथे पाडणाऱ्या ट्रॉम्बोनवाल्याचा. फीत कितीही स्वच्छ असली तरी समोरचा प्रतिस्पर्धी बदलत नाही. म्हणून आयोवासारखी विद्यापीठे लाइनमन शोधताना फुटबॉलच्या फितीइतकेच कुस्तीचे निकाल आणि गोळाफेकीचे अंतर पाहतात. आयोवातल्याच माउंट व्हर्नन या छोट्या गावचा ट्रिस्टन वर्फ्स कुस्तीगीर होता आणि थाळी-गोळा फेकत असे. २०२० मध्ये तो तेराव्या क्रमांकावर निवडला गेला. गोळ्याचे वजन गावात आणि शहरात सारखेच असते.

पहिला प्रश्न अवघड आहे. वॉक-ऑन पूर्ण संपलेले नाहीत, पण दार अरुंद झाले आहे. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघातल्या एकूण खेळाडूंवरच १०५ ची मर्यादा आली. दीडशे मुलांचा कारखाना त्यात बसत नाही. त्याच्या जोडीला बदलीचे नियम आहेत. २०२१ पासून खेळाडूला एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा, वर्षभर बाहेर न बसता, विद्यापीठ बदलता येते. चार वर्षे एका मुलाला घडवून पाचव्या वर्षी तो दुसऱ्याच्या जर्सीत दिसणार असेल, तर घडवायचे कशाला? त्यापेक्षा दुसऱ्याने घडवलेला बावीस वर्षांचा माणूस विकत घ्यावा.

फ्रिस्कोवासी

पण मग घडवण्याचे काम कोणीतरी करतच आहे. कॅम वॉर्डला इन्कार्नेट वर्डने घडवले. तुम्ही म्हणता तो कारखाना बंद पडलेला नाही, तो खालच्या श्रेणीत हलला आहे. मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर चार वर्षे राखीव म्हणून बसण्यापेक्षा लहान ठिकाणी खेळून वर जाणे वाईट आहे का? आमचा मुलगा आता एका लहान महाविद्यालयात खेळतो. तिथे स्टेडियम फ्रिस्कोच्या शाळेपेक्षा लहान आहे, पण प्रत्येक किक तोच मारतो.

लिंकनकर

फ्रिस्कोवासी, मुलाच्या दृष्टीने वाईट नाही, हे मी मान्य करतो, आणि माझा मूळ मुद्दा तेवढ्यापुरता सुधारून घेतो. थांबण्याचा खर्च कोणालाच परवडत नाही असे मी लिहिले होते. तो लहान महाविद्यालये उचलतात असे म्हणायला हवे होते. नॉर्थ डकोटा स्टेटने बिस्मार्कच्या कार्सन वेंट्झला असेच घडवले आणि २०१६ मध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. हायस्कुलात शिरताना तो जेमतेम पाच फूट आठ इंच होता. फरक इतकाच की वेंट्झ शेवटपर्यंत फार्गोलाच, म्हणजे त्याच विद्यापीठात, राहिला. आज तसा मुलगा दुसऱ्या वर्षाअखेर कुठे असेल हे सांगायला नको, आणि ज्यांनी त्याला वाढवले त्यांच्या हाती त्याचा मोबदला पडत नाही.

तो ट्रॉम्बोनवाला मुलगा माझ्या सहकाऱ्याचा भाचा होता. त्याला लिंकनहून, म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाकडून, पत्र आले नाही. राज्यातल्याच एका दुसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयाने निम्म्या शुल्काइतकी शिष्यवृत्ती देऊ केली, ती त्याने घेतली. पहिल्या वर्षी तो खेळला नाही, वजन मात्र १८ किलोने वाढले. दुसऱ्या वर्षाच्या मोसमात एका मोठ्या विद्यापीठाच्या माणसाने मामाकडे, म्हणजे माझ्या सहकाऱ्याकडे, ‘मुलगा बदलीचा विचार करतो आहे का’ अशी चौकशी केली. मामाने मला दुपारच्या जेवणाच्या वेळी विचारले की काय सांगावे. मी म्हणालो, आधी तो त्यांच्याकडे कोणत्या जागेवर खेळणार हे विचार. त्याने विचारले. उत्तर आले, टॅकल.

पाणथळ

टॅकल म्हटल्यावर मामाने काय सांगितले तेही लिहा.

लिंकनकर

मामाने सांगितले की त्याला स्वतःला विचारा, तो आता एकवीस वर्षांचा आहे. मुलगा अजून तिथेच आहे. मोसम संपेपर्यंत कोणाशी बोलायचे नाही असे त्याने ठरवले आहे.